तारेवरील श्रवणस्थान : इलेक्ट्रिक गिटारच्या नेक पिकअपचा इतिहास आणि महाराष्ट्रातील तंतुवाद्ये

प्रस्तावना

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना सोलापूर जिल्ह्याची हद्द संपल्यावर तामलवाडी (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) हे गाव लागते. शारदीय नवरात्रात आणि विशेषतः आश्विन पौर्णिमेस श्रीतुळजाभवानीच्या दर्शनास पायी जाणाऱ्या भाविकांची ही वाट होय. या वाटेवर तंतुवाद्यांचे दोन अगदी निराळे नाद एकमेकांशेजारी नांदतात. एक गोंधळ्याच्या तुणतुण्याचा, तर दुसरा भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रणांतून आणि नवरात्र मंडळांच्या ऑर्केस्ट्रांतून येणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारचा. पहिल्या वाद्याचा अभ्यास लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी आस्थेने केला आहे. दुसऱ्याकडे मात्र 'पाश्चात्त्य' अथवा 'बाजारी' म्हणून पाहिले जाते आणि त्याच्या घडणीचा इतिहास मराठीत फारसा मांडला जात नाही.

वस्तुतः या दोन्ही वाद्यांपुढील मूळ प्रश्न एकच आहे. तार कंप पावते खरी, परंतु तिचा नाद नेमका कोठून उचलायचा? तुणतुण्यात हा प्रश्न वाद्य घडवणारा कायमचा सोडवून टाकतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तो वादकाच्या हाती उरतो. तारांखाली बसवलेल्या चुंबक व वेटोळ्याच्या ज्या साधनाने कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर होते त्यास पिकअप म्हणतात. घोडीजवळ बसवलेला तो ब्रिज पिकअप आणि गिटारची मान जेथे संपते तेथे बसवलेला तो नेक पिकअप. यांपैकी नेक पिकअपची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब नसून तिला सुमारे नऊ दशकांचा इतिहास आहे. कारखानदाराने ठरवून दिलेला उपयोग वादकांनी वेळोवेळी नाकारला, हे त्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय. प्रस्तुत लेखात या सूत्राचा मागोवा घेऊन महाराष्ट्रातील परिस्थितीत या निवडीचे स्वरूप कसे बदलते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

तार, कातडे आणि घोडी

तुणतुण्याची रचना अत्यंत साधी असते. पोकळ नळकांड्याच्या तळाशी कातडे मढवलेले असते, कातड्याच्या मध्यातून निघालेली तार वर दांडीच्या खुंटीस बांधलेली असते. तारेचा ताण थेट कातड्यावर पडतो आणि कातडेच बोलते. संबळाच्या घणाघाती आवाजाशेजारी तुणतुणे स्वराचा आधार व लयीची टोचणी देते. चाल वाजवण्याचे काम त्याच्याकडे नसते. एकाच तारेच्या वाद्याला हीन लेखण्याची आजची वृत्ती जुनी नाही, हेही येथे नोंदवावयास हवे. यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरी येथे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथाच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेला मोठ्या गौरवाचे स्थान आहे. हा ग्रंथ मराठवाड्याच्या भूमीत सिद्ध झाला, याचे स्मरण अभ्यासकांस असावे.

एकोणिसाव्या शतकात मिरजेस फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून तंतुवाद्यनिर्मितीची जी परंपरा उभी राहिली, तिने या प्रश्नाचे अधिक सूक्ष्म उत्तर शोधले. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील भोपळे वापरून घडवलेल्या या तंबोऱ्यांना व सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. तंबोऱ्यात नाद घोडीवाटे तबलीस व भोपळ्यास पोहोचतो. मात्र घोडीचा माथा धारदार नसून रुंद व किंचित बाकदार असतो. कंप पावणारी तार या माथ्याला सतत निसटता स्पर्श करीत राहते. यालाच कारागीर जवारी म्हणतात.

या जवारीचे शास्त्रीय महत्त्व चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या टिपणात दाखवून दिले. प्रत्येक तार मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारितांचे उपस्वर देत असते. यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार ज्या उपस्वराचा निस्पंद, म्हणजे स्थिर बिंदू, छेडण्याच्या जागी येतो तो उपस्वर उमटत नाही. तंबोरा आणि वीणा मात्र हा नियम मानीत नाहीत. ज्या उपस्वरांनी गप्प बसावयास हवे तेही त्यांच्या नादात स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचे कारण घोडीच्या त्या बाकदार माथ्यात आहे.

गिटारच्या घोडीवर तार धारदार कडेवर टेकते. तेथे जवारी नाही आणि नियमातून सुटकाही नाही. त्यामुळे तार कोठे छेडली आणि तिचा नाद कोठून उचलला, या दोन्ही गोष्टींना गिटारमध्ये निर्णायक महत्त्व येते. छेडण्याबाबतचा नियम ऐकण्यालाही तसाच लागू पडतो. ज्या उपस्वराचा निस्पंद पिकअपच्या माथ्यावर येतो, तो उपस्वर त्या पिकअपला ऐकूच येत नाही.

दोन घराण्यांचा संगम

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बोशाँ यांच्या प्रयत्नांतून 'फ्राइंग पॅन' या नावाने ओळखली जाणारी इलेक्ट्रिक गिटार आकारास आली. रिकनबॅकर यांच्या सहकार्याने तिचे उत्पादन झाले आणि १९३७ मध्ये बोशाँ यांना पेटंट मिळाले. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून वाजवावयाची हवाईयन गिटार होती. तिचा नालेच्या आकाराचा पिकअप घोडीच्या बाजूस होता. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचे पहिले घराणे ब्रिज पिकअपचे होते.

दुसरे घराणे १९३६ मध्ये गिब्सन कंपनीच्या 'ईएस-१५०' या गिटारने सुरू झाले. ही छातीशी धरून वाजवावयाची स्पॅनिश पद्धतीची गिटार होती. वॉल्ट फुलर यांनी योजलेल्या तिच्या पिकअपमध्ये दोन मोठे पोलादी चुंबक पोटात बसवलेले असत. हा पिकअप मानेच्या टोकाशी होता. त्या काळच्या मोठ्या जॅझ वाद्यवृंदांत तुताऱ्या व सॅक्सोफोन यांच्यापुढे गिटार ऐकू येत नसे. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वृंदात आले आणि याच पिकअपच्या बळावर त्यांनी गिटारला स्वतंत्र गायकी मिळवून दिली. सॅक्सोफोनसारखा गोल, भरीव, टोकदारपणा नसलेला तो स्वर होता. १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तो पिकअप मात्र आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रचनाकार फुलर यांचे नाव विस्मरणात जावे आणि वादकाचे नाव वस्तूस चिकटावे, ही बाब पुढील इतिहासाचीही सूचक आहे.

जॅझची गिटार दीर्घकाळ एकाच नेक पिकअपवर चालली. १९४९ ची 'ईएस-१७५' ही त्याच वळणाची होती. निवड करण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. दोन्ही घराणी एकाच वाद्यात आली ती विशेषतः १९५० नंतर. लिओ फेंडर यांची 'ब्रॉडकास्टर' १९५० मध्ये दोन पिकअपसह बाजारात आली आणि १९५१ मध्ये तिला 'टेलिकास्टर' हे नाव मिळाले. गिब्सनची 'लेस पॉल' १९५२ मध्ये आली. १९५४ च्या 'स्ट्रॅटोकास्टर'वर तर तीन पिकअप होते. आता वादकाच्या बोटाखाली एक कळ आली आणि तिच्यासोबत प्रश्नही आला.

कारखानदारांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. लेस पॉल गिटारच्या कळेभोवतीच्या चकतीवर नेक पिकअपच्या बाजूस 'रिदम' आणि ब्रिज पिकअपच्या बाजूस 'ट्रेबल' असे शब्द छापलेले असत. मानेजवळचा आवाज साथीसाठी व घोडीजवळचा एकल वादनासाठी, अशी ही सरळ वाटणी होती. फेंडर यांची कल्पना याहून चमत्कारिक होती. टेलिकास्टरच्या १९५२ ते १९६७ या काळातील जोडणीत कळ पूर्ण पुढे सारली की नेक पिकअपचा वरचा सारा उजाळा एका कपॅसिटरने कापला जाई. गिटारवादकाने वेळप्रसंगी बास वाद्याचे कामही भागवावे, असा त्यामागचा हेतू होता. या स्थितीतील आवाज इतका गढूळ असे की अनेक वादकांनी ती जोडणीच बदलून घेतली.

वादकांनी ही वाटणी मानली नाही. चार्ली ख्रिश्चन यांनी तर छापील 'रिदम' शब्द येण्यापूर्वीच मानेजवळच्या पिकअपवर एकल वादन रूढ केले होते. साठोत्तरी काळात एरिक क्लॅप्टन यांनी 'क्रीम' या त्रयीत लेस पॉल घराण्यातील व तत्सम गिटारींवर नेक पिकअप निवडून, टोनचे बटण खाली आणून, अॅम्प्लिफायर पूर्ण चढवून जो गळ्यासारखा स्वर काढला तो 'वुमन टोन' या नावाने प्रसिद्ध पावला. ज्या पिकअपला साथीदाराची जागा नेमून दिली होती, त्यानेच गायकाची जागा घेतली. आजच्या वादकास हे सारे स्वाभाविक वाटते, परंतु चकतीवरील छापील शब्दाच्या विरोधात जाऊन ते घडले आहे.

स्थानाचे गणित

नेक पिकअपच्या आवाजामागे काही गूढ नाही. तारेचे दोलन घोडीपाशी सर्वांत कमी आणि मध्याकडे वाढत जाणारे असते. त्यामुळे मानेजवळ मूळ स्वर बलवान मिळतो व घोडीजवळ वरचे उपस्वर तुलनेने ठळक होतात. फेंडर गिटारमध्ये तारेची कंपनक्षम लांबी ६४८ मिलिमीटर असते. स्ट्रॅटोकास्टरचा नेक पिकअप घोडीपासून सुमारे १६२ मिलिमीटरवर, म्हणजे लांबीच्या नेमक्या एक चतुर्थांशावर येतो. चोविसावा पडदा असता तर तो येथेच पडला असता. घोडीजवळचा पिकअप मात्र अवघ्या चार-पाच सेंटिमीटरवर असतो.

या एक चतुर्थांशावरून वादकांत एक दृढ समज आहे. तेथे चौथ्या उपस्वराचा निस्पंद येतो म्हणून नेक पिकअपचा आवाज गोड लागतो, असे सांगितले जाते. हा समज तपासून पाहावा लागेल. मोकळ्या तारेबाबत तो खरा आहे. पण तार पडद्यावर दाबताच तिची लांबी कमी होते, पिकअप मात्र जागचा हलत नाही. पाचव्या पडद्यावर उरलेल्या तारेच्या जवळजवळ एक तृतीयांशावर पिकअप येतो आणि तेथे तिसरा उपस्वर लोपतो. बाराव्या पडद्यावर तो तारेच्या मध्यावरच येतो आणि दुसरा, चौथा, सहावा असे सर्व सम उपस्वर क्षीण होतात. म्हणजे नेक पिकअपचा 'एक' आवाज नसतोच, पडद्यागणिक तो कूस बदलतो. वर चढताना स्वर बासरीसारखा पोकळ व मऊ होत जातो तो यामुळे. चोवीस पडद्यांच्या गिटारमध्ये मान लांब असल्याने पिकअप घोडीकडे सरकवावा लागतो, म्हणून तो तुलनेने काहीसा धारदार वाजतो. अशा गिटारवर कितीही नामांकित पिकअप बसवला तरी जागेतील हा फरक भरून निघत नाही. निवड करताना प्रथम जागा पाहावी आणि मग नाममुद्रा, असे म्हणावे लागते ते याच कारणाने.

निवडीचा बाजार

गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या 'हमबकर' पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला तो १९५७ पासून लेस पॉलवर दिसू लागला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. एकमेकांच्या विरुद्ध अशी दोन वेटोळी जोडून विजेची घरघर मारणे, ही त्यातील युक्ती. या आरंभीच्या हमबकरांत मानेसाठी व घोडीसाठी निराळा नमुना नव्हता. वेढ्यांची संख्या नगागणिक कमी-अधिक होई आणि हाती येईल तो पिकअप हव्या त्या जागी बसे. आज संग्राहक ज्या जुन्या गिटारींच्या 'अचूक' नेक पिकअपचे गोडवे गातात, त्यांतील बऱ्याच गोष्टी अशा योगायोगाच्या आहेत. उलट टेलिकास्टरचा नेक पिकअप आरंभापासून वेगळा होता. त्याचे वेटोळे लहान, तार अधिक बारीक आणि वर धातूचे झाकण होते.

सुटा पिकअप विकत घेऊन बदलण्याची प्रथा त्यानंतरची आहे. लॅरी डिमार्झिओ यांचा 'सुपर डिस्टॉर्शन' १९७२ मध्ये आला. सेमूर डंकन यांची कंपनी १९७६ ची. या बाजाराचे लक्ष आरंभी जोरकस ब्रिज पिकअपवर होते आणि नेक पिकअप त्याला जुळणारा 'जोडीदार' म्हणून येई. ही दुय्यमता अद्याप पुरती गेलेली नाही, आणि चुकीच्या निवडींचे मूळ बहुधा तिच्यातच असते. मानेजवळ तार मुळातच मोठी हलते. तेथे जादा वेढ्यांचा, जोरकस पिकअप बसवल्यास खर्जाच्या तारा एकमेकींत मिसळून शब्दच कळेनासे होतात. म्हणून नेक पिकअप ब्रिज पिकअपपेक्षा सौम्य असावा लागतो. हमबकरच्या बाबतीत सुमारे सात ते साडेसात किलोओहम रोधाचा पिकअप मानेसाठी सर्वसाधारण समजला जातो. मात्र रोधाचा आकडा गुंडाळलेल्या तारेविषयी सांगतो, नादाविषयी फार थोडे. चुंबकांपैकी अल्निको दोन मऊ व अल्निको पाच अधिक स्पष्ट नाद देतो. परंतु अल्निको पाचचे प्रबळ दांडे तारेच्या फार जवळ आणले तर ते तारेलाच ओढून धरतात आणि खर्जातील स्वर बेसूर होऊन थरथरतात. मानेजवळ तारांमधील अंतर घोडीपेक्षा किंचित कमी असते, हेही खरेदीपूर्वी मोजून घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात इलेक्ट्रिक गिटारची लोकप्रियता प्रथम हवाईयन रूपात वाढली. १९४० च्या दशकात टाऊ मो हे हवाईयन वादक कोलकात्यात वास्तव्यास होते. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वावरलेले वॅन शिपले यांच्या इलेक्ट्रिक गिटारवरील चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. पोलादी कांडीने मींड काढता येत असल्याने हे वाद्य भारतीय कानाला चटकन मानवले. अमेरिकेतील क्रम येथेही तसाच घडला असे दिसते. आधी मांडीवरचे वाद्य, छातीवरचे नंतर.

महाराष्ट्रातील सर्वांत प्रचलित विद्युत तंतुवाद्य मात्र गिटार नव्हे, तर बेंजो होय. जपानमध्ये नागोया येथे १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचे हे भारतीय रूप, म्हणजेच बुलबुल तरंग. मुंबई व कोकणातील बेंजो पार्ट्यांनी त्याला पिकअप लावून मिरवणुकीत आणले. रवी जाधव यांच्या २०१६ च्या 'बॅन्जो' या हिंदी चित्रपटाने या पथकांचे जग पडद्यावर दाखवले. या वाद्यात तारेचा मोठा भाग कळांखाली झाकलेला असतो. पिकअपला जागा उरते ती कळा व घोडी यांमधील मोकळ्या पट्ट्यातच. म्हणून मानेजवळ ऐकण्याचा पर्याय बेंजोला नाही, आणि त्याचा मिरवणुकीत दूरवर चिरत जाणारा आवाज हा काही अंशी या सक्तीचा परिणाम आहे.

पारंपरिक वाद्यांस चुंबकीय पिकअप सहज लागत नाही, याचेही कारण धातूत आहे. चुंबकीय पिकअपला केवळ पोलादी तार कळते. तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार त्याच्या लेखी नसल्यासारखीच. तुणतुण्याची तार पोलादी असली आणि दांडीवर पिकअप बसवला, तरी त्यात ऐकू येईल ती नुसती तार. तुणतुणे ज्यामुळे तुणतुणे आहे ते कातडे त्यात उमटणार नाही. लोकवाद्यांच्या 'विद्युतीकरणा'चा उत्साह बाळगणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात घ्यावी.

गिटारवादकांपुढील अडचण दीर्घकाळ निराळी होती. परवाना पद्धतीच्या काळात परदेशी गिटार अथवा सुटा पिकअप मिळणे दुर्घट होते. परदेशातून येणारा नातेवाईक, दुसऱ्या हाताची खरेदी किंवा 'गिव्हसन', 'हॉबनर' यांसारखी देशी गिटार, एवढेच मार्ग होते. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेला आणि १९९३ पासून 'इंडस क्रीड' या नावाने ओळखला गेलेला 'रॉक मशीन' हा वृंद याच काळातला. महेश टिनैकर हे त्याचे गिटारवादक. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठल्यानंतर परदेशी बनावटीच्या गिटारी जिल्ह्याच्या शहरांतही दिसू लागल्या. निवडीचा प्रश्न सामान्य वादकापर्यंत पोहोचला तो तेव्हा, म्हणजे अमेरिकेहून पाव शतकाहून अधिक उशिराने. आजही परदेशी सुट्या पिकअपची किंमत कधी कधी स्वस्त गिटारच्या किमतीएवढी असते. एक चुकीची खरेदी तालुक्याच्या गावातील होतकरू वादकास परवडणारी नसते.

अशा वादकाचे रंगमंच कोणते, हे पाहिल्याशिवाय निवडीविषयी बोलणे व्यर्थ होय. सोलापूर-तुळजापूर पट्ट्यातील ऑर्केस्ट्रा वाजतो तो मांडवात. जनरेटर, विद्युत रोषणाईच्या माळा, दिव्यांचे डिमर आणि बेभरवशाचे अर्थिंग यांच्या सान्निध्यात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये शिरणारी घरघर ५० व १०० हर्ट्झवर ठळक असते. गिटारच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा, म्हणजे नेमका या दोहोंच्या मधला. घरघर कापावयास जावे तर खर्जही कापला जातो, आणि खर्जासाठीच तर नेक पिकअप निवडलेला असतो. ध्वनिमुद्रण कक्षात एकेरी वेटोळ्याचा नेक पिकअप अधिक पारदर्शक लागतो हे मान्य करूनही, मांडवात वाजवणाऱ्यासाठी हमबकर किंवा वरखाली दोन वेटोळी रचून एकेरीच्या आकारात बसवलेला घरघरविरहित पिकअप हीच रास्त निवड ठरते. नवा पिकअप घेण्याची ऐपत नसल्यास आहे तोच पिकअप दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी एक-दोन मिलिमीटर खाली उतरवून, खर्जाची बाजू थोडी अधिक खाली ठेवून पाहावे. गढूळपणा पुष्कळ कमी होतो आणि दोन पिकअपमधील आवाजाची तफावतही आटोक्यात येते. या कामास एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.